फुटलेलं नाव आणि निळं मेण

१

शनिवारी दुपारी रेडिओनं तोंड उघडलं आणि बोर्गहिल्डच्या हातातला डाव सायीच्या लापशीत दांड्यासकट बुडाला.

“आतल्या गोटातली बातमी,” रेडिओवरचा पोरगा लाडात येऊन सांगत होता. “यंदाचा ‘नवा बर्फ’ पुरस्कार रूना स्कारवीकला. उत्तरेकडच्या फेरीबोटीवर गाड्या चढवून घेते ही मुलगी. पहिलाच कवितासंग्रह, ‘गाड्या आधी, माणसं नंतर’. जाहीर व्हायचंय सोमवारी, पण तुम्ही आजच ऐका. सकाळी कुणीतरी फोन केला, घोगऱ्या आवाजात नाव कुजबुजलं आणि स्वतःचं न सांगता ठेवून दिला. आता तिची एक कविता.”

पोरगाही उत्तरेकडचाच निघाला. तिच्याच बोलीत, हेल काढत त्यानं वाचली:

गाड्या आधी, माणसं नंतर.
आई सगळ्यांत शेवटी,
कारण सगळ्यांच्या पिशव्या तिच्या हातात,
आणि बोट तिच्यासाठी थांबते
हे तिला कुणी सांगितलंच नाही.

टेबलाभोवती चौघं बसली होती. चौघं परीक्षक. काल संध्याकाळी याच टेबलावर, दार लावून, हे नाव ठरलं होतं, आणि सबंध नॉर्वेत ते या चौघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

“वाचतो छान पोरगा,” आस्लाउग म्हणाली आणि पुन्हा संत्रं सोलायला लागली.

प्रेबेन चमचा तोंडात धरून रेडिओकडे बघत राहिला. आइविंड उठला, दाराआडची कुऱ्हाड घेतली आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. बशीत लापशी तशीच. आइविंडनं लापशी टाकली म्हणजे नदी उलटी वाहिली म्हणायची.

बोर्गहिल्डनं डाव बाहेर काढला, चाटला आणि बाजूला ठेवला. ती या मंडळाची अध्यक्ष. जन्मभर तिनं खालच्या दरीत फौजदारकी केली होती. चोराला ती आधी कॉफी पाजायची. निम्म्या चोरांनी दुसरा पेला नको म्हणून कबुली दिली, असं दरीत अजून सांगतात.

‘नवा बर्फ’ हा पुरस्कार एका जहाजवाल्याच्या विधवेनं ठेवलेला. बाई भारी खट. तिनं मरताना अटी घालून ठेवल्या: परीक्षकांनी ईस्टरला डोंगरावरच्या तिच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं, आपापले फोन खाली दुकानात ठेवायचे, आणि नाव ठरलं की सोमवारी रेडिओची गाडी वर येईतो ते पोटात ठेवायचं, फक्त विजेत्याला आदल्या दिवशी कळवायचं. आधी फुटलं तर त्या वर्षी पुरस्कार कुणालाच नाही. सुटका एकच. फोडणारा सोमवारच्या आत सापडला तर त्यानं उठायचं आणि उरलेल्यांनी पुन्हा मतं द्यायची.

त्यातून हा पुरस्कार पहिल्या पुस्तकाचा. लग्न दुसरं होतं, तिसरंही होतं. पहिलं पुस्तक माणसाचं एकदाच. रूनाचा यंदा गेला तर कायमचा गेला. तिच्या पुस्तकाच्या प्रती कुणा छोट्या प्रकाशकानं काढलेल्या, त्यातल्या निम्म्या बोटीवरच्या कॅंटीनमध्ये सॉसेजशेजारी विकायला मांडलेल्या. हा पुरस्कार मिळाला नाही तर त्या तिथंच तेलकट होऊन संपणार होत्या.

बोर्गहिल्ड दारापाशी गेली. तिथं खुंटीवर अडीअडचणीचा एक जुना फोन टांगलेला असे. तिनं बटणं दाबली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. शेवटचा फोन आज सकाळचा. नंबर रेडिओचा.

म्हणजे बाहेरचं कुणी नाही. चोर लापशीला बसलेला होता.

२

केबिनमध्ये रेंज नावाला नाही. ती मिळते एकाच जागी, मागच्या डोंगरावर, दगडांची रास रचलीय तिथं. ज्यानं फोन केला तो सकाळी रासेपर्यंत गेला होता, आणि मांड्यांपर्यंतच्या त्या बर्फातून गेला तो स्कीवरून गेला. बोर्गहिल्ड स्वतः कमरेचं हाड बदलल्यापासून बर्फात जाळीच्या चपला घालून फिरायची, आणि सकाळी त्या चपला तिच्याच पायात होत्या. ओढ्यावरून पाणी आणायला गेली होती ती.

उरले तिघं.

आइविंड फळकुटं अशी उडवत होता की पलीकडच्या डोंगरावरचे ससे बिळात गेले असावेत. साठी उलटली तरी स्कीवर त्याला कुणी धरू शकत नसे. केबिनवर पोचून त्याची कॉफी पिऊन व्हायची, मग त्याची सावली यायची.

“सकाळी कुठं होतास?” बोर्गहिल्डनं विचारलं.

“तळ्यावर. उजाडायच्या आत निघालो, उन्हाच्या बाजूनं. गळ टाकला, मासा नाही मिळाला.”

“बरोबर कोण?”

“माझ्या बरोबरीनं येतंय कोण?”

त्याच्या स्की भिंतीला टेकलेल्या होत्या. बोर्गहिल्डनं एक उलटी केली. चढताना स्की मागं घसरू नये म्हणून खाली मेण लावतात; इथं ते नळीतलं, चिकट, मधासारखं, त्यात गळाच्या दोऱ्याचा तुकडा रुतलेला. आइविंड खरं बोलत होता, निदान तळ्यापुरतं. पुढचा उतार उन्हाचा. तिथला बर्फ दिवसा पाघळतो, रात्री काचेसारखा गोठतो, त्याला हेच मेण. मागचा उतार सावलीचा, तिथला बर्फ पिठासारखा कोरडा. तिथं डबीतलं निळं मेण लागतं, बुचानं घासून पातळ केलेलं. चिकट मेण लावून त्या पिठात शिरलं तर स्कीखाली बर्फाचे ओंडके जमतात आणि माणूस जागच्या जागी पुतळा होतो. हे इथं शेंबडं पोरही जाणतं.

“काल तू त्या पुस्तकाच्या विरुद्ध होतास,” ती म्हणाली.

“होतो. आणि तुझ्या तोंडावर होतो. मागून फोन करायला माझी काय दातखीळ बसली होती? मी म्हटलं, हिच्या ओळींना लय नाही. अजूनही...” त्यानं कुऱ्हाड उचलली आणि तशीच धरून ठेवली.

“अजूनही काय?”

“लाकूड ओलं आहे,” आइविंड म्हणाला.

बोर्गहिल्डनं लाकडाकडे पाहिलं. हाडासारखं वाळकं होतं.

काल मतं दोन-दोन पडली होती. बोर्गहिल्ड आणि आस्लाउग रूनाकडे. आइविंड आणि प्रेबेन एका हालवार नावाच्या पोराच्या ‘शून्याच्या सावल्या’कडे. अध्यक्षाचं मत जड, म्हणून रूना. काल हरला त्याला आज सगळं उधळावंसं वाटलं तर नवल नव्हतं.

ती वळली तसा आइविंड मागून म्हणाला, “मला काय विचारतेस? डेन्मार्कवाल्याला विचार. मी तळ्यावरून आलो तेव्हा तो मागच्या उतारावरून उतरत होता. रासेच्या बाजूनं.”

३

प्रेबेन डेन्मार्कचा. त्या देशात डोंगर असा नाहीच. जेवणानंतर कुणी बटाटा टाकला तर लोक त्यावर चढून फोटो काढतात. प्रेबेन मोठा समीक्षक, देहानंही मोठा. इथं राहून त्याला जमाना झाला, पण स्की काही वश झाल्या नव्हत्या. आठवडाभर तो पावावर लोणी फासावं तसं ओल्या बर्फाचं लाल मेण स्कीला फासत होता आणि चार पावलं चढून पाच पावलं मागं घसरत होता. रोज संध्याकाळी बाकीचे त्यावर हसत. तोही हसे.

“गेलो होतो की,” तो म्हणाला. लपवाछपवी नाही. “उठलो तर घरात चिटपाखरू नाही. मागं बर्फात तयार वाट दिसली, म्हटलं जाऊ या. आणि बोर्गहिल्ड, काय सांगू तुला. आज मी नॉर्वेजियन झालो. बकरीसारखा चढलो. एकदासुद्धा मागं घसरलो नाही.”

“आणि उतरताना?”

“उतरताना गाढव. स्की हलेचनात. डोंगर उतरताना घाम फुटलेला मी जगातला पहिला माणूस असेन.”

“रासेपर्यंत गेलास?”

“निम्म्यावरून फिरलो. वर वारा होता.”

“आणि खुंटीवरचा फोन?”

“फोन कशाला नेऊ? अडीअडचणीला म्हणून तो नंबर आईला दिलाय, रेंज आली की ऑर्हुसहून तिचा फोन येतो, आणि मग ईस्टर संपतो तरी तिचं संपत नाही.”

“वाट तयार होती म्हणालास. कुणाची?”

“स्कीची.”

“अरे, पण कुणाच्या स्कीची?”

प्रेबेननं खांदे उडवले. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आइविंड आत आला. त्याच्या काखेत प्रेबेनच्या स्की होत्या. त्यानं त्या टेबलावर उलट्या आपटल्या, लापशीच्या पातेल्याशेजारी.

“बघ, फौजदारीणबाई. डोळे असतील तर बघ.”

लाल मेणाचा ठिपका नव्हता. खाली स्वच्छ, मंद, निळं मेण.

“आठवडाभर लाल,” आइविंड म्हणाला, “आणि आज, नेमकं आज, निळं? हा सकाळीच वर गेला, फोन केला, परत आला. मग दुसऱ्यांदा गेला, आपल्याच वाटेवरून, आणि आता म्हणतो वाट तयार होती.”

“मी निळं लावलंच नाही,” प्रेबेन म्हणाला.

“मग काय भुतानं लावलं?”

“मला काय माहीत? मी स्की पायात घालतो, उलटी करून बघत बसत नाही.”

“ऐकलंस?” आइविंड बोर्गहिल्डकडे वळला. “उठव याला. अट तशीच आहे. तिघं उरलो की पुन्हा मतं देऊ.”

प्रेबेन बोर्गहिल्डकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाचा रंग त्या लापशीत मिसळला असता तर कळला नसता.

“बसा दोघंही,” बोर्गहिल्ड म्हणाली. “कॉफी टाकते.”

४

कॉफी पाजून झाल्यावर तिनं दोघांना स्कीच्या खोपटात नेलं. प्रेबेनच्या हातात मेणाची निळी डबी दिली आणि एक जुनी, बिनमेणाची स्की पुढ्यात ठेवली.

“लाव.”

प्रेबेननं जीभ बाहेर काढून लावलं. गठ्ठे पडले, मधे कोरडं राहिलं, बूच हातातून निसटून लाकडाच्या ढिगात गेलं. आइविंडला बघवेना. त्यानं दोनदा हात पुढं करून मागं घेतला.

“आता यावर अंगठा फिरव,” बोर्गहिल्डनं आइविंडला प्रेबेनची सकाळची स्की दिली.

आइविंडनं अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा, डोळे मिटून.

“थरावर थर,” तो हळूच म्हणाला. “प्रत्येक थर बुचानं घासलेला. आधीचं लाल खरवडून, पुसून काढलंय. हे यानं लावलेलं नाही.”

“सांगत होतो ना मी,” प्रेबेन म्हणाला.

“गप रे. हे ज्यानं लावलंय त्याला हात आहे.” मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. “म्हणजे मी लावलं असं म्हणतेस तू?”

“मी अजून काहीच म्हटलं नाही. तू म्हण. या स्कीवर तुला चढायचं असतं तर तू कुठून कुठवर लावलं असतंस?”

आइविंडनं स्की जमिनीवर ठेवली, तिच्यावर उभा राहिला, वाकून बघितलं. “मी जड. माझ्या वजनानं ही सहज दबते. मला पायाखाली एवढंसं पुरे. दोन वितीसुद्धा नको.” त्यानं बोटानं दाखवलं आणि मग त्याचं बोट थांबलं. निळा पट्टा त्याच्या बोटाच्या पुढं गेला होता. खूप पुढं. मागंही टाचेच्या पल्याड.

“एवढं लांब,” तो म्हणाला, “एवढं जाड... असं कोण लावतं? याच्यावर जड माणूस चढला तर चढताना चिकटेल, पण उतरताना...”

“गाढव,” प्रेबेन म्हणाला. “स्की हलेचनात म्हटलं ना मी.”

“हे जड माणसासाठी लावलेलंच नाही,” आइविंड सावकाश बोलत होता. “या स्की प्रेबेनच्या मापाच्या, लाकडाच्या तुळईसारख्या ताठ. हलका माणूस यांच्यावर उभा राहिला तर त्या वाकतच नाहीत. मधला भाग बर्फाला टेकत नाही. टेकवायचा तर मेणच वाढवावं लागतं. लांब, आणि थरावर थर.”

खोपटात तिसरी जोडी होती, बारीक, आखूड. बोर्गहिल्डनं तिच्याकडे आधीच पाहून ठेवलं होतं. तिच्याखाली गुरुवारचं चिकट मेण, त्यावर खोपटातल्या भुशाची साय. ती जोडी गुरुवारपासून हलली नव्हती. हलली असती तर दिसलं असतं, आणि हे तिच्या मालकिणीला कळत होतं, म्हणून तिनं दुसऱ्याची जोडी घेतली.

खोपटाच्या खिडकीतून केबिनची उन्हाची भिंत दिसे. तिथं बाकावर, रेनडिअरच्या कातड्यावर, आस्लाउग बसली होती. चिमणीएवढी बाई. वारा सुटला की तिला दोरीनं बांधावं लागतं असं आइविंड नेहमी म्हणे. आज तो काही म्हणाला नाही.

“पण तिनं तर रूनालाच मत दिलं,” प्रेबेन म्हणाला. “आपल्याशी भांडून दिलं.”

“हो ना,” बोर्गहिल्ड म्हणाली.

“आणि बोर्गहिल्ड,” आइविंडचा आवाज उतरला होता, “ती उठली की उरलो आपण तिघं. मी नि प्रेबेन हालवारकडे, तू रूनाकडे. दोन विरुद्ध एक.”

म्हणजे चोर पकडला तर रूनाचा पुरस्कार हालवारला. नाही पकडला तर कुणालाच नाही. फौजदारकीत बोर्गहिल्डनं पुष्कळ चोर धरले होते, पण धरल्यावर चोरीचा माल दुसऱ्याच्या घरी जातोय असा हा पहिलाच.

५

“सरक जरा,” बोर्गहिल्ड म्हणाली आणि कातड्यावर बसली. दोघींची मैत्री अशी जुनी की कुणाच्या घरात कुणाची भांडी गेली याचा हिशोब दोघींनी कधीच सोडला होता.

आस्लाउगनं संत्र्याची फोड पुढं केली. बोर्गहिल्डनं ती खाल्ली, बी बर्फात थुंकली.

“प्रेबेनच्या स्की कशा वाटल्या?”

“ओंडके आहेत मेले,” आस्लाउग म्हणाली. “माझ्याखाली वाकेचनात. थरावर थर...” आणि थांबली.

समोरच्या तळ्यावर ऊन सांडलं होतं. लांबवर कुणीतरी अंगाला मोठा पतंग बांधून स्कीवरून ओढलं जात होतं. दोघींनी त्याच्याकडे बघून घेतलं.

“लाल मेणावर तशीच गेली असतीस,” बोर्गहिल्ड म्हणाली, “तर मी तुला जन्मात पकडलं नसतं.”

“त्या मेणावर?” आस्लाउगला खरोखरच राग आला. “मी नाव फोडीन, बोर्गहिल्ड, पण असल्या फासलेल्या स्कीवर उभी राहणार नाही. आल्यावर पुन्हा लाल थापून ठेवणार होते. तेवढ्यात तू पाणी घेऊन येताना दिसलीस, मी बाहेरच भिंतीआड झाले, आणि तो ढोल्या नेमका आजच लवकर उठला. त्याच्यावर यावं असं माझ्या मनात नव्हतं.”

“मग मनात काय होतं?”

आस्लाउग सालीचे तुकडे मांडीवर रचत बसली.

“हा पुरस्कार मला मिळाला तेव्हा मी त्या मुलीएवढीच होते. दुसऱ्या दिवशी कागद पुढं घेतला. कागद म्हणाला, या बाई, बक्षीसवाल्या, आता काय? तेव्हापासून रोज तेच विचारतोय. मी व्याख्यानं दिली, परीक्षक झाले, लोकांची पुस्तकं चांगली म्हटली, वाईट म्हटली. दुसरं पुस्तक नाही. ही मुलगी कुणीही असती तर मी काही केलं नसतं. पण ही चांगली आहे गं. मला आली त्याहून चांगली कविता येते हिला. म्हटलं, जगाला कळू दे ती पहिली आली म्हणून, पण डोक्यावर तो धोंडा नको.”

“मग मत हालवारला द्यायचं होतंस. सोपं होतं.”

“शून्याच्या सावल्यांना? मी खोटं मत देऊ?”

“चोरून फोन चालतो आणि खोटं मत चालत नाही?”

“नाही चालत,” आस्लाउग म्हणाली, आणि बोर्गहिल्डला कळलं की हे खरं आहे. या बाईनं सबंध आयुष्यात एका वाईट ओळीला चांगली म्हटलं नव्हतं. स्वतःच्या तर नाहीच.

“आता तुला उठावं लागेल. आणि तू उठलीस की हालवार.”

“मग नको पकडूस मला. रद्द होऊ दे.”

“तुला काय हवंय ते विचारायला मी आलेच नाही. त्या पोरीला काय हवंय ते तू विचारलंस?”

आस्लाउगनं मांडीवर रचलेली सालं बर्फात झटकली.

“तिच्या डोक्यावर धोंडा आहे की टोपी, हे तिनं ठरवायचं,” बोर्गहिल्ड उठली, कमर धरून, कण्हत. “उद्या न्याहारीला तू स्वतः सांगशील. मी तोंड उघडणार नाही. पण तू नाही उघडलंस तर मात्र मला माझं जुनं काम आठवेल.”

६

रविवारी ईस्टरची अंडी उकडली, तपकिरी चीज कापलं, आणि पहिलं अंडं फुटायच्या आत आस्लाउग उभी राहिली. तिनं लांबण लावलं नाही. फोन मी केला, म्हणाली, आणि का केला ते दोन वाक्यांत सांगितलं. मग बाकावरून उठून चुलीपाशी जाऊन उभी राहिली, कारण परीक्षकांच्या टेबलावर तिला आता जागा नव्हती.

“म्हणजे,” प्रेबेन म्हणाला, “मी नॉर्वेजियन झालोच नाही.”

“नाही रे बाबा,” बोर्गहिल्ड म्हणाली. “आता मतं. माझं रूना.”

“माझं हालवार,” प्रेबेन म्हणाला. “रागानं नाही. मला ते पुस्तक आवडतं. आणि बिचाऱ्याच्या बाजूनं कुणीतरी असावं.”

दोघं आइविंडकडे बघायला लागले. आइविंडनं अंड्यावर मीठ टाकलं. पुन्हा टाकलं. त्या अंड्यात समुद्र मावला असता.

“मी ते पुस्तक तीनदा वाचलंय,” तो म्हणाला. “माझ्या आवाजात. ओस्लोच्या आवाजात. दर वेळी म्हटलं, लय नाही, ठेचकाळते. काल त्या रेडिओवरच्या पोरानं वाचलं, तिच्या बोलीत.” त्यानं अंडं बाजूला सारलं. “मी बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागलो. आणि बोर्गहिल्ड, कुऱ्हाड तिच्या ओळींवर पडत होती. थांबवली तरी पडत होती. बोट तिच्यासाठी थांबते, ठक. हे तिला कुणी सांगितलंच नाही, ठक. लय होती. मलाच ऐकू येत नव्हती.”

“लाकूड ओलं नव्हतं तर,” बोर्गहिल्ड म्हणाली.

“नव्हतं. लिही. रूना स्कारवीक.”

चुलीपाशी आस्लाउगनं चेहरा भिंतीकडे केला. ती हसत होती की रडत, ते तिच्या पाठीवरून कळेना. आणि तिलाही ते त्या घडीला नक्की माहीत असेल असं नाही.

“दोन विरुद्ध एक,” बोर्गहिल्डनं अंडं टेबलावर आपटून फोडलं. “ठरलं. विजेतीला कळवायचं काम अध्यक्षाचं. अध्यक्ष ते काम आस्लाउगला देत आहे.”

“मला?”

“नाव तू अर्धं सांगितलंस. आता पुरं कर. आणि ते का फोडलंस तेही तिला सांग.”

“ती मला शिव्या घालेल.”

“उत्तरेची आहे,” बोर्गहिल्ड म्हणाली. “घालणारच.”

७

प्रेबेननं आपल्या स्की स्वतः आणून दिल्या. “तुझ्याच मापाचं मेण आहे,” म्हणाला. बोर्गहिल्ड जाळीच्या चपलांनी मागून फत्तक फत्तक करत चढली. रासेपाशी पोचेतो तिचं नवं हाड जुन्याला हाका मारत होतं. वारा असा की शब्द बोलला की तो स्वीडनमध्ये जाऊन पडायचा. दोघी रासेच्या आडोशाला बसल्या, फोन दोघींच्या मधे, आवाज मोठा करून.

पलीकडे घंटी वाजली, मग लोखंडावरून चाकं गेल्याचा धडाडा.

“हॅलो? थांबा हां. मागं घे, मागं, अरे आरसा मागचं बघायला दिलाय, भांग पाडायला नाही. हं. बोला, कोण?”

आस्लाउगनं आपलं नाव सांगितलं. पुरस्कार रूनाला मिळाल्याचं सांगितलं.

“ते काल कळलं की. सगळे हॉर्न वाजवत चढतायत. कप्तानानं चार पुस्तकं घेतली, वाचता येत नाही त्याला चष्म्याशिवाय. आता पक्कं ना?”

“पक्कं. पण काल ते मी फोडलं होतं. रद्द व्हावं म्हणून.”

पलीकडे एका गाडीचं दार आपटलं. मग, “का?”

आस्लाउगनं सांगितलं. कागदाचं, धोंड्याचं, सगळं. बोलताना तिचा आवाज रेडिओवाल्यानं सांगितला तसाच घोगरा झाला. बोर्गहिल्ड दगड मोजल्यासारखं करत बसली.

“म्हणजे माझं तोंड बंद होईल अशी भीती तुम्हाला?” रूना म्हणाली. “माझं? जरा आमच्या बोटीवर विचारा. कमालच आहे बाई तुमची. दुसरं पुस्तक झालंय माझं. हिवाळ्यात गाड्या कमी असतात. पहिल्यापेक्षा बरं आहे. बक्षीस मिळो न मिळो, ते मी काढणारच होते. पण मला हे बक्षीस हवं होतं, कळलं? कुणी मला न विचारता ते माझ्या हातून काढून घेणार होतं, आणि तेही माझ्या भल्यासाठी.” तिनं एक सणसणीत शिवी घातली. ती वाऱ्यानंसुद्धा उचलली नाही.

“बरोबर आहे तुझं,” आस्लाउग म्हणाली.

“आणि तुमचं दुसरं कुठंय?”

“नाही.”

“काहीच नाही? एवढ्या वर्षांत?”

आस्लाउगनं बोर्गहिल्डकडे पाहिलं. बोर्गहिल्डनं दुसरीकडे पाहिलं.

“एक ओळ आहे.”

“मग म्हणा. लवकर, पलीकडचा किनारा आला.”

आस्लाउगनं हातमोजा काढला, फोन तोंडाशी घेतला आणि ओळ म्हटली. बोर्गहिल्ड हाताच्या अंतरावर होती, पण वारा होता, आणि तिला ती ओळ आजतागायत कळलेली नाही.

पलीकडे लोखंडी फळी धाडकन किनाऱ्यावर पडली. कुणी हॉर्न वाजवला, दुसऱ्यानं वाजवला. रूना कुणावर तरी ओरडली की थांब, मी बोलतेय.

“बरी नाही,” ती म्हणाली. “पुढची म्हणा.”